सातबारा नसलेल्याचा जामीन

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली तेव्हाच निवृत्त शिक्षकांनी हे काम करावे अशी तिच्यात सोय होती. काम साधे असते. कोठडीतल्या माणसाचा अर्ज लिहून द्यायचा, त्याच्या घरी निरोप पोचवायचा, मोफत वकील मिळण्यासाठी लागणारे कागद जमवायचे. युक्तिवाद वकिलाने करायचा आणि निकाल न्यायाधीशांनी द्यायचा, आपण त्यात पडायचे नाही. तरीही एका प्रकरणाच्या मागे मी पहिल्या दिवसापासून राहिले, आणि फौजदारी व्यवस्थेतली कोणती तरतूद माणसाला समाजाबाहेर कशी ढकलते याची तुलना पुस्तकात न वाचता समोर पाहता आली. त्या प्रक्रियेविषयी हे लिहीत आहे. यात कोणाचेही नाव आणि तालुका मुद्दामच दिलेला नाही.

प्रकरण विहिरीवरच्या वीजपंपाची केबल चोरीला गेल्याचे होते. आमच्या दुष्काळी पट्ट्यात तांब्यासाठी अशा चोऱ्या होतात आणि ज्याची केबल जाते त्याचे उभे पीक वाळते, म्हणून फिर्याद देणाऱ्याचा राग मला समजत होता. २०२४ च्या ऑक्टोबरात दोघांना अटक झाली. एक पारधी वस्तीवरचा, चौथीपर्यंत माझ्या वर्गात बसलेला. दुसरा गावातल्या बागायतदाराचा मुलगा. दोघेही विशीतले, दोघांवर यापूर्वी एकही गुन्हा नाही. कलम भारतीय न्याय संहितेचे, ३०३ (२), म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, नोटीस देऊन चौकशीला बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितलेले आहे. येथे अटक दोघांनाही झाली; तेवढ्यापुरती समानता होती असे म्हणावे लागेल.

पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली आणि दोघांचे जामीन अर्ज एकाच दिवशी निघाले. माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे विधी सेवेकडून मोफत मिळणाऱ्या, वकिलांनी चालवला, दुसऱ्याचा खासगी वकिलांनी. सरकारी पक्षाने म्हणणे दाखल केले, दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशांनी दोघांनाही शब्दशः एकच आदेश दिला: पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी), तेवढ्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी, आणि परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही. आदेश निर्दोष होता. त्यात जात नव्हती, पूर्वग्रह नव्हता, रक्कमही अवाजवी नव्हती. मी रोजनामा वाचून समाधानाने घरी आले.

बागायतदाराचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. त्याच्या चुलत्याने सातबारा, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो आणले, आजवर आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत याचे प्रतिज्ञापत्र केले, आणि काम झाले. माझा विद्यार्थी मात्र त्याच आदेशावर पुढे महिनाभराहून अधिक काळ दुय्यम कारागृहात राहिला.

या महिन्यात मी जे केले ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला. वस्ती गायरानावर आहे. तेथे कोणाच्याही नावावर जमीन नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घरांची नोंद नाही, म्हणून घरपट्टीची पावती नाही. मुलाच्या आधार कार्डावर आजोळच्या गावाचा पत्ता आहे. जामीनदार 'सक्षम' हवा म्हणजे त्याच्या नावे मालमत्ता हवी, आणि 'स्थानिक' हवा म्हणजे याच तालुक्यातला हवा. वस्तीच्या ओळखीचे स्थानिक जमीनदार शेतकरी जे होते त्यांतले निम्मे फिर्यादीच्या भावकीतले निघाले. ज्यांच्या शेतावर या मुलाने आणि त्याच्या बायकोने खुरपणी केली होती अशा दोघांकडे मी गेले. एकाने स्पष्ट सांगितले, "बाई, तुमच्या शब्दाला मी नाही म्हणत नाही, पण पारध्याला जामीन राहिलो तर उद्या गावात मला कोण विचारील?" दुसऱ्याची तयारी होती, परंतु त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा होता, म्हणून ऐपतीचा दाखला लागेल असे न्यायालयातल्या लिपिकाने सांगितले. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मंडल अधिकाऱ्याची सही. तोवर ऊस तोडायला टोळ्या निघाल्या आणि तो शेतकरीही आपल्या कामात गुंतला.

मी स्वतः जामीन का राहिले नाही, असे कोणी विचारील. विधी स्वयंसेवकाने जामीनदार होऊ नये असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेले असते, आणि ते रास्त आहे. नाहीतर समितीच्या दारात भाड्याचे जामीनदार उभे राहायला वेळ लागणार नाही. न्यायालयाच्या आवारात तसे लोक असतातच. पैसे घेऊन अनोळखी माणसाला जामीन राहणारे, एकाच उताऱ्यावर अनेकांना सोडवणारे. गरिबाला जामीनदार मिळत नाही म्हणून हा धंदा चालतो, आणि हा धंदा चालतो म्हणून न्यायालये जामीनदाराच्या कागदांबाबत आणखी कडक होतात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली एका गवंडीकाम करणाऱ्या माणसाच्या प्रकरणात नेमके हेच मांडले होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून त्याच्या भावाला नाकारले होते. त्या निकालाला आता पन्नास वर्षे होत आली. 'स्थानिक जामीनदार' हे शब्द आदेशाच्या छापील नमुन्यातून अजून गेलेले नाहीत.

जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे जेथे जामीन हक्काने मिळतो तेथे, कायद्याने एक उदार गृहीतक ठेवले आहे. आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडायचे. परंतु चोरी अजामीनपात्र, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे न्यायालयाने ठरवायचे, म्हणून ते गृहीतक येथे लागू होत नाही. म्हणजे किरकोळ गुन्ह्यात कायदा गरिबी मान्य करतो आणि गुन्हा जरा वरच्या वर्गात गेला की त्याच माणसाची गरिबी नाहीशी झाली असे समजतो. ही रचना ज्यांनी केली त्यांचा उद्देश वाईट असेल असे मला वाटत नाही. पळून जाण्याची भीती जास्त म्हणून बंधन जास्त, हा त्यामागचा विचार. मात्र कारागृहांत कोण राहते ते पाहिले तर त्याचा परिणाम कळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेली, होती.

या महिन्यातच २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ (५) प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही. तो दोषी ठरलेला असो वा नसो, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता एवढाच अपवाद. बागायतदाराच्या मुलाने मतदान केले. माझ्या विद्यार्थ्याला जामीन मिळालेला होता, तरी त्याला करता आले नाही. एकाच गुन्ह्यातल्या, एकाच आदेशावरच्या दोन आरोपींपैकी एकाचा मताधिकार सातबाऱ्याअभावी गेला, असे वाक्य मी समितीच्या मासिक अहवालात लिहिले. अहवालाच्या नमुन्यात अशा मजकुराला रकाना नसल्याने ते शेऱ्यात गेले.

मताहून मोठे नुकसान हंगामाचे होते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम त्या हिशेबाने उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो. यांनी दिवाळीआधी उचल घेतलेली होती. तो आत राहिल्याने कोयता अर्धा झाला, टोळी त्यांना सोडून कारखान्यावर गेली, आणि उचल फिरली नाही म्हणून मुकादमाची माणसे वस्तीवर येऊ लागली. त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी गेली. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात यातले काहीही नव्हते आणि त्यांना ते माहीत असण्याचे कारणही नव्हते.

मार्ग निघाला तो ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांतून. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि एक महिन्यात जामीनपत्र सादर झाले नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्यांत सांगितले आहे. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण आहे, हेही त्यांत नोंदवलेले आहे. केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची २०२३ ची योजनाही आहे. तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रस्ताव जावा लागत असे. वकिलांनी आधी अटी बदलण्याचा अर्ज करायचे ठरवले. त्यांचे म्हणणे मला पटले: येथे अडचण पैशाइतकीच ओळखीचीही होती, आणि सरकारने पैसे भरले तरी 'हा माणूस येथला आहे का' हा प्रश्न उरणारच होता.

म्हणून अर्जाबरोबर आम्ही मालमत्तेऐवजी वास्तव्य दाखवणारे कागद जोडले. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, ज्यात त्याची पहिलीतली नोंद होती. मतदार ओळखपत्र. रोजगार हमीचे जॉबकार्ड. मुलीच्या लसीकरणाची नोंद, जी अंगणवाडीताईंनी आढेवेढे न घेता काढून दिली. न्यायाधीशांनी हे कागद एकेक करून पाहिले आणि जामीनदाराची अट काढून त्याला जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. सुटकेचा आदेश ई-मेलने कारागृहात गेला आणि तो त्याच संध्याकाळी बाहेर आला. रविवारची हजेरी आणि तालुका न सोडण्याची अट मात्र कायम राहिली. ऊसतोडीला परजिल्ह्यात जाण्यासाठी तीही बदलून घ्यावी लागली. कारखान्याच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात महिन्यातून एकदा हजेरी द्यावी, असे ठरले. तोवर हंगामाचा मोठा भाग गेला होता.

त्याच काळात माझ्या विद्यार्थ्याच्या चुलत्याला दोन नोटिसा आल्या आणि दुसऱ्या प्रकारची धोरणे माझ्या समोर आली. या इसमावर पूर्वी तीन गुन्हे नोंदले गेले होते. दोनांत तो निर्दोष सुटला होता, तिसरा अनेक वर्षे प्रलंबित होता. निवडणुकीच्या बंदोबस्तात त्याच्यावर चॅप्टर केस झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ११० आता नागरिक सुरक्षा संहितेत १२९ झाले आहे. सवयीने चोरी करणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाचे बंधपत्र घ्यायचे, असा त्याचा आशय आहे. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांपुढे हजर व्हायचे आणि तेथेही पुन्हा जामीनदार द्यायचा. ज्या वस्तीवर एका मुलाला जामीनदार मिळत नव्हता तेथे आता काहीही न केलेल्या माणसासाठी दुसरा शोधायचा होता! दोन निर्दोष सुटका म्हणजे सवय कशी, असा लेखी खुलासा वकिलांनी दिल्यावर ती नोटीस निकालात निघाली.

दुसरी नोटीस तडीपारीची होती आणि तिचा आदेशही झाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर घालवता येते. नोटिशीत आरोपांचे स्वरूप मोघम असते; साक्षीदार भीतीने उघडपणे पुढे येत नाहीत असे कारण देऊन त्यांचे जबाब गोपनीय ठेवले जातात. हा उपाय असाधारण आहे, त्याने नागरिकाच्या मुक्त संचाराच्या मूलभूत अधिकारावर आघात होतो, आणि जुन्या, शिळ्या गुन्ह्यांच्या आधारावर तो वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले होते. चुलत्याचे अपील तीस दिवसांच्या मुदतीत शासनाकडे गेले आणि याच मुद्द्यावर आदेश रद्द झाला, पण तोवर त्याची अर्धी मुदत बाहेर काढून झाली होती.

ती त्याने कशी काढली हे ऐकल्यावर जामीन आणि तडीपारी यांची तुलना माझ्या मनात स्पष्ट झाली. शहरातला वजनदार गुंड तडीपार होतो तेव्हा तो शेजारच्या जिल्ह्यात भाड्याने खोली घेऊन राहतो आणि फोनवर आपले व्यवहार पाहतो. हा माणूस बायकोमुलांसह नात्यातल्या एका वस्तीवर गेला. तेथल्या गावकऱ्यांनी नवे पाल दिसताच ग्रामपंचायतीत तक्रार केली. पुढच्या ठिकाणी पोलिसांनी कोठून आलास म्हणून विचारले. तडीपारीचा आदेश दाखवला तर संशय वाढतो आणि न दाखवला तरी वाढतो. मुलांची शाळा सुटली ती सुटलीच. समाजात ज्याला जागा आहे त्याला तडीपारी काही काळ दूर ठेवते, आणि ज्याला मुळात जागाच नाही त्याला ती कोठेही टिकू देत नाही. कायद्याचे कलम मात्र दोघांसाठी एकच.

येथे जुन्या इतिहासाकडे वळणे भाग आहे, कारण वस्तीवरची म्हातारी माणसे आपणहून तेथेच वळतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. जमातीत जन्मलेल्या माणसाची नोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास, आणि सरकारला वाटले तर कुटुंबासह तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकारही त्यात होता. शिक्षिका म्हणून ते कलम मला सर्वांत जास्त खटकले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळला जातो. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. यात जमातीऐवजी व्यक्ती आली, आणि ही सुधारणा खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र यादीत कोणाची नावे घालायची हे ज्यांनी ठरवायचे त्यांच्या डोक्यातली जुनी यादी कायद्याने रद्द होत नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याचा विषय म्हणूनच पुढे आणला.

जुन्या पासने माणसाला गाव सोडता येत नव्हते, तडीपारीने गावात राहता येत नाही, आणि जामिनात गावात मुळे आहेत असा पुरावा द्यावा लागतो. तीन तरतुदी तीन दिशांना ओढतात आणि एकाच वस्तीवर येऊन मिळतात. जातीच्या दाखल्याचेही तेच. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. त्या काळात ज्यांचे आजोबा-पणजोबा पोलिसांच्या नोंदवहीत होते आणि शाळेच्या नोंदवहीत नव्हते त्यांनी तो कोठून आणायचा, याचे उत्तर मला कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही. आणि हा दाखला नसला की शिक्षणाच्या सवलती गेल्या, मग नोकरी गेली, मग पुन्हा सातबाऱ्याचा प्रश्न.

सोलापुरात सेटलमेंटचा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. तेथल्या लोकांना गिरण्यांत कामाला लावले जात असे. कामानिमित्त मी तेथे जाऊन आले, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी विधी सेवेच्या एका जनजागृती कार्यक्रमासाठी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाण्याचा योग आला. या दोन ठिकाणांत फार अंतर नाही. काळही बराचसा एकच. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, म्हणजे ज्या वर्षी त्यांनी प्रजेला स्वराज्याचे संविधान दिले त्याच वर्षी, स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली. शिक्षा झालेले कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करतात. भरवसा ठेवला तर माणूस पळत नाही, असा त्यामागचा विचार. म्हणजे त्या वर्षी इंग्रजी मुलखात कोणताही गुन्हा सिद्ध न झालेली कुटुंबे कुंपणाआड होती, आणि संस्थानी मुलखात गुन्हा सिद्ध झालेली माणसे बायकोमुलांसह उघड्यावर राहत होती. धोरण बदलले की माणूस तोच असूनही त्याचे स्थान किती बदलते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. दुर्दैवाने अनुकरण स्वतंत्रपूरचे फार थोडे झाले. खुल्या कारागृहातही निवड होते ती मुख्यतः दीर्घ शिक्षा भोगत असलेल्या, चांगल्या वर्तनाच्या कैद्यांची. सातबाऱ्याअभावी अडकलेला कच्चा कैदी बंद कारागृहातच राहतो.

कारागृहाच्या आतही हा जुना हिशेब चालू होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृह नियमावल्यांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्याविषयी पोलिसांना बजावले. हा निकाल आमच्या प्रकरणातल्या अटकेच्या काही दिवस आधीचा. त्याची प्रत मी पिशवीत ठेवून हिंडत होते. प्रत्यक्षात ती दाखवण्याची वेळ एकदाच आली, आणि समोरच्या अधिकाऱ्यांनी ती शांतपणे वाचून तिची झेरॉक्स मागून घेतली, हेही सांगितले पाहिजे.

मुलगा सुटल्यानंतरची पायरी चारित्र्य पडताळणीची. हंगाम बुडाल्यावर त्याने पुण्याजवळच्या एका गोदामात हमालीचे काम धरायचे ठरवले. ठेकेदाराने पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागितले. अर्ज ऑनलाइन केला; प्रमाणपत्रात गुन्हा न्यायप्रविष्ट असल्याची नोंद आली आणि काम गेले. बागायतदाराच्या मुलाला असे प्रमाणपत्र कोणी मागितलेच नाही, कारण तो घरची शेती आणि डेअरी पाहतो. नोंद दोघांचीही आहे. ती नडते एकालाच.

या बाबतीत इतर देशांनी आणि आपल्याच काही कायद्यांनी वेगळा विचार केलेला आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीत पुन्हा गुन्हा न केल्यास बहुतेक सौम्य शिक्षा संपुष्टात आल्याचे मानले जाते आणि सामान्य नोकरीच्या वेळी त्या सांगाव्या लागत नाहीत. मुलांबरोबरची आणि तशीच काही संवेदनशील कामे त्याला अपवाद आहेत. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम २४ विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप झालेल्या किंवा गुन्हा केलेल्या, बालकाला असेच संरक्षण देते, आणि परिवीक्षा कायदा, १९५८ चे कलम १२ सांगते की परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या अटीवर, सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होऊ नये. पण प्रौढांसाठी सर्वसाधारण असा कायदा नाही. त्यामुळे एक विचित्र स्थिती निर्माण होते. गुन्हा कबूल करून परिवीक्षेवर सुटलेल्याच्या मागे कायद्याचे कलम उभे राहते, आणि गुन्हा नाकारून खटल्याची वाट पाहणारा वर्षानुवर्षे 'न्यायप्रविष्ट' राहतो. माझ्या विद्यार्थ्याला वकिलांनी हा पर्याय समजावून सांगितला. त्याने तो नाकारला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने केबल चोरलेली नाही आणि चोरली असे तो म्हणणार नाही. त्यावर मला काही बोलण्याचा अधिकार नव्हता, इच्छाही नव्हती.

दोषारोपपत्र दाखल झाले आहे आणि तारखा चालू आहेत. बागायतदाराचा मुलगा पुष्कळदा वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देतो. माझा विद्यार्थीही आता तसा अर्ज करतो, कारण एक तारीख चुकली की वॉरंट निघते आणि जातमुचलका जप्त होतो, हे त्याला आम्ही पाठ करून घ्यायला लावले आहे. दरम्यान वस्तीवरच्या प्रत्येक कुटुंबाची एकेक फाइल करण्याचे काम मी हाती घेतले आहे. शाळा सोडल्याचा दाखला, जॉबकार्ड, मतदार ओळखपत्र, अंगणवाडीची नोंद, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी मुकादमाच्या वहीतल्या पानाची प्रत, असे कागद अटक होण्याआधीच जमवून ठेवायचे, कारण अटकेनंतर ते जमवायला घरात कोणी भानावर नसते. अलीकडे दुसऱ्या एका प्रकरणात न्यायाधीशांनी मुकादमाच्या वहीचे ते पान वास्तव्याचा आणि कामधंद्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरले आणि पहिल्याच आदेशात स्थानिक जामीनदाराची अट घातली नाही. त्या आदेशाची प्रमाणित प्रत आता आमचे लोकअभिरक्षक प्रत्येक नव्या जामीन अर्जाला जोडतात.